शाळेतील परिचारिका आणि मुलांचे मन

नालासोपारा स्थानकाहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता निर्मळ मागे टाकून, केळीच्या बागा व भाजीचे मळे यांमधून वाट काढीत कळंबच्या किनाऱ्याला पोहोचतो. आठवडाभर शांत असणारा हा किनारा शनिवार-रविवारी मुंबईकरांच्या गर्दीने गजबजून जातो, आणि सोमवारी पुन्हा वाडीतली माणसे वाडीत, मुले शाळेत, असा गावाचा क्रम सुरू होतो. अशा एखाद्या गावच्या शाळेत भर दुपारी नववीतली एक मुलगी पोट दुखते म्हणून वर्गाबाहेर जाते. बराच वेळ ती परतत नाही. मग तिची मैत्रीण धावत येऊन बाईंना सांगते की, ती मागे भिंतीला टेकून रडत आहे आणि आपल्याला जगायचे नाही असे म्हणत आहे.

हा प्रसंग आम्ही कल्पनेने रचला आहे. कळंबच्या कोणत्याही शाळेत तो अमुक दिवशी घडला असे आमचे म्हणणे नाही. तथापि ज्याने चार वर्षे शिक्षकाचा पेशा केला आहे, त्यास तो अपरिचित वाटेल असेही आम्हांस वाटत नाही. येथून पुढच्या एका तासात काय घडते? बहुधा मुख्याध्यापक पालकांना दूरध्वनी करतात, कोणीतरी दुचाकीवरून येतो, ‘हिला घरी घेऊन जा’ असे सांगण्यात येते, आणि शाळेपुरता तो विषय तेथेच संपतो. या ‘घरी घेऊन जा’ या तीन शब्दांना बराच इतिहास आहे. किंबहुना शाळेतील परिचारिका ही संस्थाच या तीन शब्दांना उत्तर म्हणून जन्मास आली. तो इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात सांगावा, आणि ते उत्तर आपल्यापर्यंत का पोहोचले नाही याचा विचार करावा, असा आमचा उद्देश आहे.

या इतिहासाचे मूळ सक्तीच्या शिक्षणात आहे. इंग्लंडात १८८० च्या कायद्याने मुलांना शाळेत धाडणे आईबापांस बंधनकारक झाले. तोपर्यंत गरिबांची जी मुले गल्लीबोळांत वा कारखान्यांत दृष्टीआड होती, ती एका छपराखाली एकत्र बसू लागली. आणि त्यांची उपासमार, त्यांचे डोळे, त्यांची त्वचा ही प्रथमच समाजाच्या नजरेस पडली. १८९२ मध्ये ॲमी ह्यूज नावाच्या परिचारिकेने लंडनमधील ड्रुरी लेन येथील शाळेत जाऊन मुलांच्या जखमा बांधण्याचे काम आरंभले. १८९८ मध्ये लंडनमध्ये शाळा-परिचारिकांची एक स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. आणि १९०७ च्या कायद्याने शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी हे सरकारी कर्तव्यच ठरले. ज्याने मुलास हात धरून आत आणून बसविले, त्याने त्याची काळजीही घेतली पाहिजे, हे तत्त्व अशा रीतीने हळूहळू मान्य झाले.

परंतु तपासणी म्हणजे उपचार नव्हे, हा धडा न्यूयॉर्क शहराने शिकविला. तेथे शाळांत डॉक्टर नेमलेले होते. खुपऱ्या, उवा, गजकर्ण, खरूज यांपैकी काही आढळले की ते मुलास चिठ्ठी देऊन घरी पाठवीत. नियम म्हणून यात काही चूक नव्हती. पण चिठ्ठी वाचण्यास घरी इंग्रजी जाणणारा कोणी नसे, औषधास पैसा नसे, आणि मूल जे घरी जाई ते महिनोन् महिने परत येत नसे. लिलियन वॉल्ड या समाजसेविकेने आपल्या हेन्री स्ट्रीट येथील केंद्रातील लीना रॉजर्स ही परिचारिका शहरास प्रयोगादाखल उसनी दिली. १ ऑक्टोबर १९०२ रोजी रॉजर्सबाईंनी चार शाळांत काम सुरू केले. किरकोळ विकारांवर त्यांनी शाळेतच उपाय केले, आणि ज्यांना घरी पाठवावेच लागे त्यांच्या मागोमाग त्या स्वतः त्यांच्या घरी जात. आईला जवळ बसवून औषध कसे लावावे ते दाखवीत. सप्टेंबर १९०२ मध्ये या कारणांसाठी १०,५६७ मुले शाळेबाहेर काढण्यात आली होती. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात ही संख्या १,१०१ वर आली. त्या वर्षात नवे औषध सापडले नव्हते किंवा नवे रुग्णालय उघडले नव्हते. एक माणूस मुलाच्या बरोबर चालत गेला, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडे हा विचार फार उशिरा आला, असे मात्र कोणी समजू नये. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९०९ मध्ये बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. हिंदुस्थानातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ याच घटनेपासून मोजतात. इंग्लंडचा कायदा आणि बडोद्याची तपासणी यांत अवघ्या दोन वर्षांचे अंतर आहे. सक्तीपाठोपाठ जबाबदारी येते हे त्या संस्थानात इतक्या लवकर ओळखले गेले, याचा मराठी माणसास अभिमान वाटल्यास वावगे नाही.

मग अडले कोठे? आमच्या मते अडले ते परिचारिकेपाशी. डॉक्टर वर्षातून एकदा येऊन यादी करून जाऊ शकतो. त्या यादीतील प्रत्येक नावाच्या मागोमाग घरी जाण्यास परिचारिकाच लागते, आणि ती आपल्याजवळ नव्हती. सुईणपण व शुश्रूषा ही कामे आपल्या समाजाने दीर्घकाळ हलकी मानली. पांढरपेशा घरातील स्त्रीने परपुरुषाच्या जखमेस हात लावावा, ही कल्पनाच लोकांस असह्य होई. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांस या व्यवसायाचे शिक्षण देण्याचा उद्योग केला, तो या समजुतीच्या विरुद्ध प्रवाहात पोहून. पण सागरात थेंब पडावा तसे ते झाले. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. ज्या देशात रुग्णालयांनाच परिचारिका पुरत नव्हत्या, तेथे शाळेच्या वाट्यास ती कोठून येणार? शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच, असा निष्कर्ष त्याच समितीने काढला. बडोद्याच्या आरंभानंतर सदतीस वर्षांनी हा निष्कर्ष निघावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

येथवर आम्ही शरीराविषयी बोललो. मनाचा प्रश्न याहून अवघड होता. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ठाण्यात मनोरुग्णालय उभे राहिले. वसई तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, आणि खाडीपलीकडचे ‘ठाणे’ हा शब्द वेडाशी जोडला जाऊन थट्टेत व शिवीत रूढ झाला. भिंतीआडची ती जागा मुलासाठी नव्हतीच. दरम्यान शिकागोत १९०९ मध्ये विल्यम हीली या वैद्याने बालगुन्हेगारांच्या मनाचा अभ्यास करणारी संस्था काढली. तीमधून पुढे बालमार्गदर्शन केंद्रांची चळवळ अमेरिकेत व इंग्लंडात पसरली. मुंबईत १९३६ मध्ये टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे विद्यालय स्थापन झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यास जोडून बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. म्हणजे या क्षेत्रातही आरंभ वेळेवरच झाला. पण एका टोकास ठाण्याची भिंत आणि दुसऱ्या टोकास मुंबईतील केंद्र, या दोहोंमध्ये जो गावांचा विस्तार पसरला होता, तेथे मुलाच्या मनास अचानक काही झाले तर जावे कोठे, यास उत्तर नव्हते. आणि जेथे वैद्यकाचे उत्तर नसते तेथे भगत असतो, अंगारा असतो, ‘अंगात आले’ हे निदान असते. अथवा ‘नाटक करते आहे’ हे त्याहूनही निष्ठुर निदान असते.

असे असले तरी हे उत्तर केवळ श्रीमंत देशांसच सुचले असे नाही. जपानात १९०५ मध्ये गिफू प्रांतातील शाळेत परिचारिका नेमली गेली, ती खुपऱ्यांच्या साथीसाठी. १९४१ मध्ये तिला शिक्षकाचा दर्जा मिळाला आणि १९४७ च्या शिक्षणकायद्याने तो कायम झाला. पुढे खुपऱ्या गेल्या. पण ती बाई व तिची खोली शाळेत राहिली. मग असे दिसून आले की, डोके दुखते, पोट दुखते म्हणून मुले त्या खोलीत येतात, आणि थोडा वेळ बसल्यावर निराळेच काही सांगू लागतात. वर्गात पाऊल टाकण्याची ज्यांना भीती वाटते अशी मुले नुसत्या त्या खोलीत येऊन बसली तरी शाळेत आली असे मानण्याचा प्रघात तेथे पडला. याचे कारण शोधण्यास फार खोल जावे लागत नाही. सबंध शाळेत ती एकच खोली अशी असते की जेथे गुण मिळत नाहीत आणि कापलेही जात नाहीत. पोटदुखी हा मुलाने दाराशी दाखविलेला परवाना असतो. तो पाहून आत घेणारे कोणी असले म्हणजे झाले.

आपल्याकडे हे दार बंद राहण्यास आणखी एक कारण घडले, आणि ते कायद्याचे होते. १८६० च्या दंडसंहितेतील ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरविला. या कलमाखाली किती जणांस शिक्षा झाली हा प्रश्न गौण आहे. त्याने उत्पन्न केलेली भीती हीच त्याची खरी कामगिरी. रुग्णालयात नेले की पोलिसांचा जबाब आला, म्हणून घरचे लोक ‘चुकून प्याली’, ‘पाय घसरला’ असे सांगत. शाळा तर याहून सावध. मुलीचे नाव, घराण्याचे नाव, शाळेचे नाव, या तिहींच्या रक्षणासाठी सर्वांनी गप्प राहावे हेच शहाणपण ठरले. जी गोष्ट मुळी घडलीच नाही, तिची नोंद कोण ठेवणार आणि तिच्या मागोमाग घरी कोण जाणार? मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मारुती श्रीपती डुबल यांच्या खटल्यात हे कलम घटनाविरोधी ठरविले. डुबल हे पोलीस शिपाई होते व मनोविकाराने ग्रस्त होते. अशा माणसास तुरुंग नव्हे, उपचार हवा, हा त्या निकालाचा आशय. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तशाच अर्थाचा निकाल दिला. पण १९९६ मध्ये घटनापीठाने तो फिरविला आणि कलम पुन्हा जिवंत झाले. शेवटी मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने असे गृहीत धरले की, जो असा प्रयत्न करतो तो तीव्र ताणाखाली असतो. त्यास शिक्षा करावयाची नसून त्याची शुश्रूषा करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेत ते जुने कलम त्या रूपात उरलेले नाही. दीडशेहून अधिक वर्षांची भीती कागदावरून गेली. मनांतून ती जाण्यास किती काळ लागेल, हे मुख्याध्यापकांच्या दालनांत ठरावयाचे आहे.

आता आमच्या प्रांताकडे वळू. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशभरासाठी आरंभ झाला, तो पालघर येथे. कळंबपासून हे गाव रेल्वेने फार लांब नाही, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून ते कळंबच्याच जिल्ह्याचे ठिकाण आहे. या योजनेत दोन वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका व एक औषधनिर्माता यांचे पथक वाहनातून गावोगाव फिरते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करते. तिच्या तीस विकारांच्या यादीत हृदयाचे दोष व दृष्टिदोष आहेत, तशाच स्वमग्नता, चंचलता, शिकण्यातील अडचण या बाबीही आहेत. बडोद्यात जे आरंभले गेले होते त्याची ही मोठी व स्तुत्य आवृत्ती होय, आणि तीमुळे कित्येक मुलांवर वेळीच उपचार झाले. पण बडोद्याच्या तपासणीची मर्यादा हिलाही आहेच. पथकाची गाडी ज्या दिवशी येते, त्या दिवशी मुलीचे पोट दुखत नसते. आणि ज्या दुपारी दुखते, त्या दुपारी गाडी दुसऱ्या गावी असते. संकट तारीख पाहून येत नाही.

ही उणीव सरकारच्या ध्यानात आली नाही असे नव्हे. २०१४ च्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्यास स्वतंत्र स्थान मिळाले. २०२० मध्ये प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांस आरोग्याचे दूत म्हणून तयार करण्याची योजना आली. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने मनोवैद्यकीय साहाय्य मिळू लागले. आणि २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूसंबंधीच्या खटल्यात असा आदेश दिला की, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने मुलांच्या मानसिक आरोग्याचे शिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि लहान शाळांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडून ठेवावा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे एकट्या २०२२ या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, हे ध्यानात घेता या आदेशास कोणी अतिरेक म्हणू शकणार नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अशा गोष्टींविषयी मुलांशी बोलले की नसते विचार त्यांच्या डोक्यात शिरतात. ही समजूत प्रामाणिक असली तरी चुकीची आहे. जीव द्यावासा वाटतो काय, असे शांतपणे व स्पष्टपणे विचारल्याने तो विचार उत्पन्न होत नाही; उलट ओझे हलके होते, असाच तज्ज्ञांचा अनुभव व अभ्यास सांगतो. दुसरा आक्षेप पैशाचा. प्रत्येक गावच्या शाळेस परिचारिका परवडणार कशी? हा आक्षेप गंभीर आहे. पण त्याचे उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत असे पाहून या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरे चारणाऱ्यांसाठी कुरणात नेली. पैसा त्यांच्यापाशीही नव्हता. मूल आले नाही तर आपण जावे, हा त्यांचा विचार आणि लीना रॉजर्सचा विचार एकच आहे. आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर झाला आहे.

तात्पर्य, प्रश्न पदाचा आहे तितकाच कृतीचा आहे. परिचारिका येईपर्यंत तिचे काम कोणीतरी केले पाहिजे, आणि ते काम गूढ नाही. त्या मुलीस एक क्षणही एकटे सोडू नये. तिचे ऐकताना उपदेश करू नये, ‘घराण्याचे नाव घालवशील’ असे तर मुळीच म्हणू नये. आईबापांस बोलावून घ्यावे, पण मुलगी त्यांच्या हवाली करून मोकळे होऊ नये. त्यांच्याबरोबर रुग्णालयापर्यंत जावे. वाडीवरच्या घरात फवारणीची औषधे हाताशी असतात. ती कुलपात ठेवण्यास वा घराबाहेर हलविण्यास त्याच दिवशी सांगावे, कारण असा आवेग पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो आणि तेवढा वेळ मिळणे हाच जीव वाचणे असतो. गावच्या उपकेंद्रातील परिचारिका व आशाताई यांस घर ठाऊक असते. त्यांचे नाव व क्रमांक शाळेच्या भिंतीवर आधीच लिहिलेले असावे. शेवटी, आणि हे सर्वांत अधिक विसरले जाते, ती मुलगी आठ दिवसांनी वर्गात परत येईल तेव्हा दाराशी तिची वाट पाहणारे एक माणूस असावे. ज्याची शाळा कुजबुजीने स्वागत करते, ते मूल परत आले असे म्हणता येत नाही.

सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देशात १ एप्रिल २०१० पासून कायद्याने अमलात आहे, आणि त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलास मारण्यास व मानसिक छळ करण्यास बंदी केली आहे. आपण मुलास शाळेत आणून बसविले आहे, हे आता निर्विवाद. त्याच्या पोटास दुपारी खिचडी मिळते, डोळ्यांस चष्मा मिळतो. हे सारे त्या जुन्या ऋणाचे हप्ते होत. मनाचा हप्ता राहिला आहे. कळंबच्या रस्त्यावरून एखाद्या दुपारी ती मुलगी घरी जाईल, तेव्हा दुचाकीवर तिच्यामागे चिठ्ठी न जाता शाळेतले एक माणूस बसलेले असावे, एवढीच १९०२ पासूनची या व्यवसायाची शिकवण आहे. ती अमलात आणण्यास पुढच्या सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण आम्हांस तरी दिसत नाही.